पेलाभर पाणी आणि त्यानंतरचं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. लॉजच्या पलंगावर मांडी घालून लिहितोय, तेव्हा वाकलो आहे असं तूच मनाने धरून घे.

मी इथे ठणठणीत आहे. तुम्ही कसे आहात ते एकेकाचं वेगळं कळव. 'सगळे बरे' असं मोघम लिहू नकोस. 'सगळे बरे' म्हणजे घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय आणि तू ते लपवते आहेस, एवढं मी आजवरच्या तुझ्या पत्रांवरून शिकलोय. दाजींचा गुडघा काय म्हणतो? (दाजी स्वतः काही म्हणणार नाहीत, म्हणून गुडघ्यालाच विचारतो.) तुझ्या सासूबाईंचं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून त्या यंत्राशिवायच, आपण हळू बोललेलं तेवढं नेमकं ऐकतात? तुझी झोप कशी आहे? मागच्या दारच्या लंगड्या मांजरीला पिल्लं झाली का, आणि झाली असतील तर ती पिल्लं तरी चारी पायांवर नीट चालतात ना? बारकीची तब्येत मात्र विचारत नाही. तिला सध्या एकच दुखणं आहे, आणि त्यावरचं औषध तुझ्या मुठीत आहे. त्याचसाठी हे पत्र.

तर तू नेमून दिलेलं काम पार पडलं. कामाची उजळणी करतो, म्हणजे मागाहून 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं तुला म्हणता येणार नाही. आपली बारकी (बारकी कसली, आता दारातून वाकून आत येते) माशांच्या आजारांचं शिकली, आणि इथल्या मोठ्या मत्स्यालयाने तिला नोकरीवर बोलावलं. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. तू हो म्हणेनास, नाही म्हणेनास, आणि शेवटी मला पुढे धाडलंस. म्हणालीस, 'इमारती बघत फिरू नकोस, इमारती सगळीकडे उंचच असतात. चार ठिकाणी जा आणि प्यायला पाणी माग. परक्या माणसाला जिथे पेलाभर पाणी मिळतं, तिथे माझी पोर राहील. नाही मिळालं तर पोर घरी राहील, आणि मासे आपले आपण बरे होतील.' तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. पहिल्याच सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून तहानलेला होऊन बाहेर पडलो.

आधी गेलो चौकातल्या बँकेत. तिचं दार गोल फिरतं. मी आत शिरलो, फिरलो आणि पुन्हा रस्त्यावर आलो. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या फेरीला वॉचमनने हात धरून मला बाहेर ओढावं तसं आत ओढलं आणि विचारलं, 'काका, खातं आहे का?' म्हटलं, खातं नाही, तहान आहे. त्याने स्वतःची बाटली पुढे केली आणि मी ती संपवेपर्यंत माझ्याकडे असा बघत राहिला, जसा काही मी त्याचा आजारी बाप. तिथून केस कापायच्या दुकानात. (दुकान कसलं, आरसेमहाल. मला चारी बाजूंनी मी दिसलो आणि आपण किती वाळलोय ते पहिल्यांदा कळलं.) तिथे पाण्यात लिंबाची चकती घालून दिली. वाचनालयातल्या बाईंनी 'इथे बोलू नका' अशी खूण केली आणि न बोलता तांब्याएवढा पेला भरून समोर ठेवला. मग तो प्रसिद्ध मनोरा, ज्याच्या टोकावरून म्हणे अख्खं शहर दिसतं. खाली तिकिटं देणारी मुलगी म्हणाली, 'आजोबा, वर चक्कर येते, आधी पाणी प्या,' आणि मी मागायच्या आतच दिलं. ताई, तुला खोटं वाटेल, पण एकाही ठिकाणी नाही म्हटलं नाही. शहर एकामागून एक पेपर पास होत होतं, आणि दुपार होता होता मी नापास व्हायच्या बेतात आलो होतो.

तू पाण्याची परीक्षा लावलीस खरी, पण पाणी प्यायलेला माणूस पुढे कुठे जातो, हा पेपर काढायला विसरलीस. आणि माझं वय तुला माहीत आहे. माझ्या वयाला पाणी अंगी लागत नाही, लगेच बाहेरची वाट मागतं. मनोऱ्याच्या टोकावरून मला अख्खं शहर दिसलं, पण मला हवी होती ती एक खोली त्यात कुठे दिसेना. लिफ्ट खाली यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी माझ्या हयातीतले सगळे बरे-वाईट प्रसंग आठवून घेतले. खाली आल्यावर समोरच मत्स्यालय. म्हटलं, पोरीच्या नोकरीची जागा बघणंही होईल आणि तेही होईल.

ते मत्स्यालय एरवी फार देखणं आहे. डोक्यावर काच, बाजूला काच, आणि आपण माशांच्या घरात पाहुणे आल्यासारखे मधून चालतो. एक म्हातारं कासव माझ्याबरोबर शेवटपर्यंत आलं. त्याची चाल आणि त्या घडीची माझी चाल एकच होती. पण विचार कर, चहूकडे पाणी. इकडे झुळझुळ, तिकडे ठिबक ठिबक, एका कोपऱ्यात तर खोटा धबधबा. माझ्या अवस्थेतल्या माणसाला याहून मोठा छळ सांगून होणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी एक पाटी दिसली: 'स्वच्छतागृह दुरुस्तीसाठी बंद. क्षमस्व.' मी जन्मभर पाट्या रंगवल्या, तेव्हा एवढं नक्की सांगतो, ही पाटी लिहिताना लिहिणाऱ्याला लागलेली नव्हती. ओळ फार सरळ होती.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे एकच दुकान उघडं होतं, लग्नाचे कोट आणि झगे भाड्याने देणारं. अडला हरी म्हणत आत शिरलो. आत गळ्यात टेप अडकवलेली, चष्मा नाकावर ओघळलेली एक लठ्ठशी बाई. एकटीच. आता परक्या बाईमाणसाला ही गोष्ट कशी विचारायची? जीभ रेटेना. ती म्हणाली, 'या काका. लग्न कुणाचं?' मी सांगायला गेलो एक आणि तोंडातून निघालं, 'माझंच.'

तिने माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं, पण चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. 'छान. काळा कोट की करडा?' म्हटलं, जो लवकर होईल तो. 'हात वर करा.' केले. (ताई, तशा स्थितीत हात वर करणं काय असतं ते तुला लिहून सांगता येणार नाही.) 'छाती भरून श्वास घ्या.' म्हटलं, तो आज जमणार नाही. तेव्हा तिची नजर खाली माझ्या पायांकडे गेली. एक पाय दुसऱ्याभोवती वेलासारखा गुंडाळलेला. तिने टेप गळ्यात टाकली, भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, 'नवरदेव, आधी आत जाऊन या. मापं पळून जात नाहीत.'

माझा जीव भांड्यात पडला. किल्लीला दोरीने लाकडी हँगर बांधलाय, कोट टांगायचा, म्हणजे ती चुकून कुणाच्या खिशातून जाऊ नये. खोली लहान पण लख्ख. दिवा लागतो. फरशी कोरडी. पर्स अडकवायला हूक आहे. आणि कडी मी तीनदा लावून पाहिली, कारण पत्र वाचताना तू आधी तेच विचारशील हे मला आतूनही दिसत होतं.

बाहेर आल्यावर नवरदेवपण सोडून दिलं आणि तिला सगळं खरं सांगितलं. तू, बारकी, मासे, पाण्याची परीक्षा. ती इतकी हसली की चष्मा पडला. मग तो पुसत म्हणाली, 'काका, पाणी काय, कोणीही देतं. मी या रस्त्यावर पोरवयात नोकरीला लागले तेव्हा दिवसभर घोटभर पाणी पीत नव्हते. कारण जायचं कुठे? दोनदा आजारी पडले. स्वतःचं दुकान झालं तेव्हा आधी ही खोली बांधली, मग कोट आणले. या रस्त्यावरच्या पोरी पाणी पितात.' मला इतक्या वर्षांत हे कधी सुचलंच नव्हतं, ताई. तुला सुचलं असणार. म्हणून तर तू प्रवासाला निघालीस की आदल्या रात्रीपासून तहान लागत नाही म्हणतेस.

पण मी तुझाच भाऊ. एका दिवसावर भरवसा ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळीच जाऊन बसलो. (नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून तिच्या पाटीवरची उडालेली अक्षरं उजळून दिली. 'भाड्याने' मधला 'भा' आता लांबून दिसतो.) दिवसभर त्या किल्लीची ये-जा बघितली. बँकेतल्या काउंटरवरची आली, रहदारीची पोलीसबाई शिट्टी तोंडात धरूनच आली, घरोघर पार्सलं पोचवणारी आली आणि पार्सल माझ्या मांडीवर ठेवून गेली. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत बसत नाही. खिळ्यावरून किल्ली काढायची, जायचं, परत टांगायची. एकीने तर जाता जाता मला दटावलं, 'काका, ब्रश कडेला धरा, माझ्या ओढणीला लागेल.'

दुपारी मत्स्यालयाच्या निळ्या गणवेशातली एक पोर आली. आपल्या बारकीएवढीच. तिने किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्यामुलींना बसवतात त्या कोचावर बसली आणि आवाज न करता रडायला लागली. बाईंनी कोटाला इस्त्री फिरवता फिरवता पाण्याचा पेला तिच्याजवळ ठेवला आणि पुन्हा इस्त्रीला लागल्या. काय झालं म्हणून विचारलं नाही. बऱ्याच वेळाने पोर ते पाणी प्यायली, आत जाऊन तोंड धुऊन आली, किल्ली टांगली, 'येते' म्हणाली आणि गेली. मला राहवेना. विचारलं, कोण काय बोललं हिला? बाई म्हणाल्या, 'सांगावंसं वाटलं तर उद्या सांगेल. आज बसायला जागा हवी होती.'

तेव्हा तुझ्यापासून काही लपवत नाही. बारकी इथे रडेल. न रडवणारं शहर मला सापडलं नाही आणि ते शोधायला मी आता म्हातारा झालो. पण ती तिथेही रडतेच आहे, उशीत तोंड खुपसून, आणि भिंतीपलीकडे तू जागी असतेस. इथे रडेल तेव्हा तिच्याजवळ पेला ठेवणारं कोणी आहे, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. माझं मत विचारशील तर पाठव. पोरीला धाड ताई, तिचे मासे वाट बघताहेत.

दाजींना नमस्कार, सासूबाईंना मोठ्याने नमस्कार, बारकीच्या डोक्यावर टपली.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नकोस. (तू शेवटपर्यंत वाचूनच दम घेतेस, तेव्हा आता उशीर झाला असणार. निदान सासूबाईंना सांग की लग्न ठरलेलं नाही.)

आणखी एक. निघताना बारकीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'मामा, काहीही दिसलं तरी चांगलंच लिहा.' मी कबूल केलं नव्हतं आणि वर लिहिलंय ते सगळं बघितलेलं आहे. पण मामाने आपल्यासाठी थोडं वाढवून लिहिलं असं तिला वाटत असेल तर वाटू दे.

आणि आता मुद्द्याचं, जे वर लिहायला धीर झाला नाही. दुकानातून निघताना बाईंनी विचारलं, मुलीला सोडायला कोण येणार? आणि जसं लग्न तोंडातून निघालं तसं निघून गेलं: 'तिची आई येणार आहे, आठ दिवस राहणार आहे.' त्या म्हणाल्या, 'मग त्यांना आधी इकडे आणा.' आता तू म्हणशील घर कोण बघेल. तुझा होकार आला की मी येतोय परत. दाजी आणि मी मिळून भात लावू, करपला तर करपलेला खाऊ. शहराची भीती तुला नव्हतीच, ताई, मला ठाऊक आहे. पोर गेल्यावर तिच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं, हे तुला ठरवता येत नाहीये. ते तू इथून परत आल्यावर आपण दोघं मिळून ठरवू.

उत्तर लवकर लिही. होकार असेल तर 'हो' एवढंच कार्डावर लिहून टाक, मला पुरे. नकार असेल तर मात्र पत्रात लिहू नकोस, तो मी पत्रातून घेणार नाही. बारकीला बरोबर घेऊन इथे ये, त्या कोचावर बस, आणि तिथून मला तोंडावर सांग.