आल्याचं ठिबक आणि हरणाबाईचं दाभण

रहिमतपूर,
९ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप लालासाहेब दाजी यांच्या पायांशी नानासोचा नमस्कार.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुमचे गुडघे आणि आक्काचा दमा कसा आहे ते कळवावे. (तुम्ही औषध घेता का, हे मी आक्कालाच विचारणार आहे.)

गेल्या मे महिन्यात अर्धा एकर आल्याला ठिबक बसवलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. विहीर दोन तासांत तळाला जायची, लावलेलं आलं करपेल अशी धास्ती होती, म्हणून हे धाडस. नळ्या अंथरल्या, कॉक फिरवला आणि प्रत्येक गड्ड्याशी टपटप थेंब पडायला लागले. चुलती हरणाबाई (म्हणजे तुमची चुलतसासू, जिनं लग्नात तुम्हाला पाटावरून उठवून परत बसवलं होतं, तीच) बांधावर बसून बघत होती. चाळीस वर्षं तिनं या रानात दारं धरली, खोऱ्यानं पाट फोडून सरीसरीला पाणी पाजलं. ती म्हणाली, "नान्या, तान्ह्या पोराला काडीनं दूध पाजतुयास व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी मी लोणंदच्या बाजाराला गेलो. इकडे तिला आल्याची दया आली. पोती शिवायचं दाभण घेऊन तिनं नळ्यांना दोनशे अकरा भोकं पाडली. (बुचं मारताना मोजली.) मला पत्ता नाही. सकाळी ठिबकवाले साहेब वीस शेतकऱ्यांना आमचं रान दाखवायला घेऊन आले. मी ऐटीत कॉक फिरवला आणि रानभर कारंजी उडाली. साहेबांचा चष्मा भिजला, एकाचा फेटा भिजला. एका पाहुण्यानं गंभीरपणे विचारलं, "ही तुषार सिंचनाची नवी जात का?" साहेब चष्मा पुसायला लागले. हरणाबाई म्हणाली, "व्हय. मीच बसीवली."

दोन दिवस आम्ही दोघं सरीत बसून रबरी बुचं मारत होतो. मी रागानं तिच्याकडे पाठ करून बसायचो. तिसऱ्या दिवशी तीच अनवाणी चालता चालता थांबली. "हितं थेंब पडंना. माती कोरडी लागतीया." बघतो तर क्षार साठून तोटी तुंबलेली. दुपारपर्यंत तिनं अशा चौदा तोट्या नुसत्या पायाच्या अंगठ्यानं हुडकल्या. मग मीच तिला रोज फेरी मारायला सांगितलं. मागच्या साली तेवढ्याच रानात सात गाड्या आलं निघालं होतं, यंदा बारा. आता साहेब पाहुणे आणतात ते हरणाबाईला भेटायला.

तेव्हा दाजी, तुम्हीही उसाला ठिबक कराच. कॉक फिरवला की माणूस मोकळा.

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
नानासो

ता. क. : ठिबकाची घाई मात्र करू नका. निदान मी येऊन जाईपर्यंत पाट बुजवू नका.

आणखी एक : खरं सांगायचं तर सकाळी सातनंतर मला इथं कामच उरत नाही. काल घरच्यांनी मला शेंगा फोडायला बसवलं. तुमच्या उसाला पाणी कधी आहे ते कळवा, आठ दिवस दारं धरायला येतो. पोटरीभर गार पाण्यात उभं राहून लय दिवस झाले. पण सगळ्या गावाला ठिबकाचं कौतुक सांगून बसलोय, आता दारं धरायला चाललो हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून 'दाजींना बरं नाही, निघून या' असं एक कार्ड उलट टपाली टाका. आक्काच्या अक्षरात असलं तर घरातली माणसं विश्वास ठेवतील.