बाबांनी घासलेला दगड

३ फेब्रु. १९८१, भंडारा
नागपूरच्या सरांनी लोहखनिजाचा स्फटिक दिला. काळा, थराथरांचा. "एवढाच उरलाय, जपा." दोन काप करायचे, एक थरांना समांतर, दुसरा आडवा. उन्हात पाणी फोडून त्यातला हायड्रोजन कोणता काप चांगला काढतो ते बघायचं. माझ्या पीएच.डी.चं घोडं इथेच अडलंय.

११ फेब्रु.
काप घरी आणले. खडबडीत. बाबांनी हातात घेतले नि थेट भांडी घासायच्या चाकावर जाऊन बसले. पितळेच्या धुळीनं त्यांची छाती गेली, भांड्यांचं दुकान कधीचं बंद. आई ओरडत होती, बाबा म्हणाले,
"तोंड दिसल्याबिगर आपल्या घरचं भांडं बाहेर जात नाही. हा त माह्या पोरीचा दगड आहे."
त्यांचे हात पुन्हा चालताना पाहून इतकं बरं वाटलं! आरसा केला दोन्हींचा.

१५ फेब्रु.
कॉलेजची गच्ची. कडक ऊन. काप क्षाराच्या पाण्यात सोडले. वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा ढिम्म. तारा बदलल्या, पाणी बदललं. दोन्हींची तीच गत.

२० फेब्रु.
नागपूर. सर काप उजेडात धरून, "कोणी घासले?"
सांगितलं. मग म्हणाले, घासून वरच्या अणूंची मांडणी विस्कटली. गरम आम्लात तो थर उतरवा, खालची खरी रचना निघेल. चमक मात्र जाईल.

२६ फेब्रु.
कापताना उडालेली एक कपची होती, बाबांचा हात न लागलेली. ती लावून पाहिली. काटा हलला. आनंद व्हायला हवा होता. गच्चीवर एकटीच रडले.

२ मार्च
डॉक्टर म्हणाले, बाबांना आता घरीच ठेवा.
बाबा : "चालला का वं तुहा दगड?"
"चालला बाबा."
आई माझ्याकडे बघत राहिली.
"आणजो उद्या. पाहू दे."

३ मार्च, दुपार
आणले. "पाह्य वं, तोंड दिसते!" कितीतरी दिवसांनी हसले.
एक काप तसाच ठेवू म्हटलं तर तुलना कशाशी करणार? आम्लात थर उतरवायचा तर दोन्हींचा. सर आकड्यांची वाट बघतायत.
बाबांना झोप लागलीय. काप मुठीत. हळूच सोडवायला गेले, तर झोपेतच मूठ घट्ट केली.