शेपटीचा खेळ मी बंद केला

२ नोव्हेंबर, रविवार
वरच्या खोलीतल्या भाडेकरू उत्कर्षाताई आपल्या पत्र्याच्या हॉलमध्ये कराटे शिकवतात. शेवटची दहा मिनिटं मात्र खेळ. पट्ट्यात मागं रिबिनीची शेपूट खोचायची आणि एकमेकांची पळवायची. नुसता आरडाओरडा. सगळ्यात मोठा आवाज आपल्या नातीचा, गौतमीचा. शिस्तीसाठी समोर खुर्ची टाकून बसलो. सुरुवातीला सगळी पोरं माझ्याकडं वाकली. ताईसुद्धा. गावात आता रामराम कोण घालतं?

९ नोव्हेंबर, रविवार
ताईंना ऑफिसचा कॉल, त्या वर गेल्या. शेवट मी सांभाळला. खेळ रद्द. पोरांना गुडघे वाकवून उभं केलं, दहा मोजेपर्यंत. जपानी आकडे मला पाचापर्यंतच येतात, म्हणून पुन्हा इचीपासून, म्हणजे एकपासून. दहा काही आलेच नाहीत. गौतमीच्या डोळ्यांत पाणी होतं. घाम असेल.

११ नोव्हेंबर
घाम नव्हता. नात बोलत नाही. बायको सगुणा म्हणाली, पोरीला आठवड्यात येवढं एकच हसायला मिळत हुतं. गौतमी म्हणाली, नमस्कार तुमाला न्हाई आबा, समोरच्या भिंतीला असतोय, तुमी मदीच बसता.
भिंत आपलीच आहे. तरी उद्या माफी मागतो.

१२ नोव्हेंबर
गुडघा दुखतो. उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
चौदातली तीन पोरं आली. गौतमीचं पोट दुखत होतं. नंतर दोन भाकरी खाल्ल्या. ताईंनी विचारलं, आबा, मुलं कुठे गेली? तोंडातून निघून गेलं, भाताची काढणी चालू आहे. त्या लातूरच्या, त्यांना भातातलं काय कळणार. म्हणाल्या, मग काढणी होईपर्यंत क्लास बंद ठेवू, पिवळ्या पट्ट्याची परीक्षाही पुढं ढकलू.
गौतमी त्या परीक्षेसाठी जूनपासून लाथा मारते आहे. काढणी दिवाळीतच उरकली.

१७ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. उद्या सकाळी सात वाजता खरं सांगणार. नक्की.

१८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
जिना चढलो. ताईंनी दार उघडलं. पाण्याची मोटर नीट चालते ना, विचारलं आणि उतरलो.

२३ नोव्हेंबर, रविवार
आधी गौतमीला सांगितलं. लहान आहे, समजून घेईल. ती तशीच धावत वर गेली आणि सगळं सांगून आली. ताई खाली आल्या, रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, शिस्त मी बघते आबा, आणि हसतात म्हणूनच तर मुलं परत येतात.
पुढच्या रविवारी क्लास सुरू, परीक्षाही ठरल्या दिवशी. गौतमीची माझ्यासाठी एकच अट आहे. पोरांनाही तीच सांगून ती सगळ्यांना परत बोलावून आली.

३० नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४
पौडच्या गाडीत बसलोय. पौडला काम काही नाही. कंडक्टर ओळखीचा, भिकू. म्हणाला, आबा, आज रविवारचं कुटं? सांगितलं, नातीचा कराटेचा क्लास आहे.
म्हणाला, पौडला?
म्हणालो, नाही, घरी.
त्यानं तिकीट दिलं.