लाल डमरूवाली

प्रिय ठमे,

परवा मी फोन घाईनं ठेवला म्हणून फुगून बसली असशील. शेडमध्ये फवारणी झाल्याशिवाय छोटीला घेऊन इकडे पाऊल टाकणार नाही, असं तू ठणकावलंस. आई म्हणून तुझं बरोबरच आहे. पण सुट्टीत छोटी आली नाही तर माझं वर्ष सुनं जाईल, हेही तितकंच खरं. आधी सगळं वाच, मग ठरव.

ती कोळीण मला पहिल्यांदा दिसली शेडमध्ये, बाबांच्या वेल्डिंगच्या टेबलाखाली. वाटाण्याएवढी, काळीभोर, नुकतं तेल चोपडल्यासारखी. जाळं म्हणशील तर नुसता गुंता, तुझ्या शाळेतल्या विणकामासारखा. पण एक धागा तोडून पाहिला तर चक्क कट्‌ असा आवाज आला. ती पोट वर करून उलटी लटकते आणि पोटावर लाल डमरू. तो टिपायचा तर मोबाइल टेबल आणि जाळं यांच्या मधल्या फटीत सरकवावा लागतो. पहिले चाळीस फोटो म्हणजे काळे डाग. मग बाबांचं वाचायचं भिंग रबरबँडनं मोबाइलला बांधलं, टॉर्चवर पातळ कागद लावला आणि श्वास रोखला. एकेचाळिसाव्यात तिच्या पायांवरचे केससुद्धा मोजता येतात.

वाचनालयातून पुस्तक आणलं. नाव लिहिलंय, काळी विधवा. म्हटलं, चला, आपल्यातलीच निघाली. ती नवऱ्याला खाते असंही लिहिलंय. मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. नर आला, अगदीच काडीपैलवान. कडेला बसून धागे छेडत राहिला आणि दोन दिवसांनी आठही पाय शाबूत घेऊन निघून गेला. जावईबापूंना सांग, तेवढाच धीर. शेजारच्या नर्सबाई म्हणतात, "अहो, माणसांचे फोटो काढा की कधीतरी!" मी म्हटलं, माणसं इतकी स्थिर कुठे बसतात?

ती भित्री आहे गं. फुंकर घातली तरी फटीत पळते. दाबली गेली तरच चावते. हे मला पुस्तकानं सांगितलं आणि मंगळवारी माझ्या हातानं.

हो, चावली. ही नव्हे, हिच्यासारखीच दुसरी. खांद्यापर्यंत कळा गेल्या, पोटात मुरडा आला, घामानं निथळले. नर्सबाईंनी रिक्षात घातलं. एक रात्र दवाखान्यात काढली. आता बरी आहे, उगाच रडू नकोस. तू फोन केलास तेव्हा बोटं सुजलेली होती, मोबाइल धरवत नव्हता.

ती होती बाबांच्या चामडी हातमोज्यात. बाबा गेल्यापासून तीन वर्षं ते खिळ्यावर तसेच टांगलेले होते. अधूनमधून मी त्यात हात घालते. आत त्यांच्या बोटांचे खळगे आहेत, अंगठ्याचा जरा वाकडा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी बजावते, शेडमधली वस्तू झटकल्याशिवाय उचलू नका. पण ते हातमोजे मी कधी झटकले नाहीत. आकार मोडेल असं वाटायचं. आणि फवारणीला नाही म्हणत होते ते निव्वळ कोळ्यांच्या मायेपोटी नव्हे. फवारणीवाला म्हणाला होता, आधी सगळं सामान बाहेर काढावं लागेल. ते दुसऱ्या कुणी काढलेलं मला चाललं नसतं, आणि माझ्यानं होत नव्हतं.

काल मी काढलं. एकेक वस्तू. दोघींना बरणीत घालून नर्सबाईंबरोबर वस्तीपलीकडच्या दगडांच्या ढिगाऱ्यात सोडून आले. नर्सबाई दहा पावलं मागून "जपून, जपून" ओरडत होत्या. हातमोजे उलटे करून, झटकून उन्हात ठेवलेत. आता ते कुणाच्याही हाताचे वाटतात. शेड रिकामी आहे, फवारणी सोमवारी होईल. त्यानंतर कुठल्याही दिवशी छोटीला घेऊन ये.

तुझीच, अजून जरा सुजलेल्या बोटांची,
आई