मोठी गाडी की छोटी

१२ मार्च १९९६, मंगळवार, संध्याकाळी ७.४०. पुन्हा टेबल मोजत होतो. अडीच फूटच. मोठ्या एच-ओ मापाच्या मॉडेल गाडीला गोल फिरायला चार फूट लागतात. छोटी एन मापाची बसेल, पण मग सहा महिने खपून मोठ्या मापात केलेलं स्टेशन फुकट. टेबल आधी का मोजलं नाही मी? चिकपेटचा दुकानदार दोन्ही इंजिनं उद्यापर्यंतच ठेवणार.

अक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "अय्यो, खरी गाडी गोल फिरते काय रे? म्हैसूरला जाते, परत येते."

भिंतीवरची फळी मोजली. सात फूट, सरळ. पुन्हा मोजली. पण वर अक्काचे डबे.

"सरी, चालेल, घे. माझ्या डब्यांना नवी ठोकून दे."

खर्च: काही नाही. देणे: दुकानात मोठ्या इंजिनाचे साडेआठशे, अक्काला एक फळी.