एकशे बाराव्या पानापुढचं

तीर्थरूप वन्संना साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली मी अर्ध्यावरच थांबते. उरलेला नमस्कार तुम्ही मनाने पुरा करून घ्या.)

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाल्याचं भाच्याने फोनवर कळवलं. दिसायला लागल्यावर पहिलं माझंच अक्षर वाचायची पाळी यावी, हे तुमचं नशीब. मी बरी आहे. तुमच्या भावाला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. बाइंडिंगचं दुकान चालू आहे, पुस्तकं दाबायचा शिकंजा कुरकुरतो, खळ अजून मीच शिजवते.

बातमी अशी की मी पुढे शिकायचं ठरवलंय. घरी बसून परीक्षा देत पदवी मिळवली तेव्हा तुम्ही "आता पुरे" म्हणाला होतात, ते मला नीट ऐकू आलं नव्हतं असं समजा. अडचण एवढीच की विद्यापीठात तीन वाटा निघाल्या : नुसतं तत्त्वज्ञान, नुसतं शिक्षणशास्त्र, आणि धर्म, तत्त्वज्ञान, शिक्षण असं तिन्ही एकत्र. अर्ज एकच भरता येतो आणि शुक्रवारी मुदत संपते. खिडकीतल्या कारकुनाने माहितीपुस्तिका दिली (नुसत्या पिना मारलेली, चार महिन्यांत पानं सुटणार) आणि म्हणाला, "आजी, अर्ज ज्याचा त्याने स्वतः भरायचा असतो हं." म्हटलं, "बाळा, म्हणून तर चष्मा आणलाय."

पुस्तिकेत तिन्ही अभ्यासक्रम सारखेच थोर दिसले. मग मी आपल्या धंद्याच्या रीतीने निवड करायचं ठरवलं आणि ग्रंथालयात गेले. वन्सं, काय सांगू! छतापर्यंत कपाटं, वरच्या खणांना शिड्या, आणि शेकडो माणसं असून पान उलटल्याचा आवाज ऐकू यावा अशी शांतता. मी दारातच चपला काढल्या. (तिथल्या बाईंनी परत घालायला लावल्या.) तुम्हाला ठाऊकच आहे, मी आजवर वाचलं ते दुकानात शिवायला आलेलं, आणि गिऱ्हाईक दारात येईपर्यंत जेवढं होईल तेवढंच. तुमचा भाऊ माझ्यासाठी "खळ वाळली नाही, दोन दिवसांनी या" असं बिनदिक्कत खोटं सांगायचा, तरी माझी बहुतेक पुस्तकं अर्धीच राहिली. आणि इथे इतकी पुस्तकं, सगळी शेवटासकट!

तर मी तिन्ही विभागांचे जुने प्रबंध काढून त्यांचे कणे, म्हणजे शिवणीकडच्या पाठी, तपासले. तत्त्वज्ञानाचे कणे ताठ, उघडताना कड्कन वाजले. लिहिणाऱ्यानंतर कुणाचा हात लागलेला नाही. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत शेवटची संदर्भयादीच तेवढी मळलेली (उतरवून घ्यायला). तिन्ही एकत्र असलेल्यांचे कणे मात्र पार सैल, आणि समासात पेन्सिलीने चार-चार हस्ताक्षरांतली भांडणं. माझी निवड झाली; अर्जाआधी विभागप्रमुखांना भेटावं लागतं, म्हणून तिथूनच चिठ्ठी पाठवली. शेवटचा प्रबंध हातात घेतला तर वरच्या टोकाला निळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. अशी गाठ एकच माणूस मारायचा. मी जरा बसले.

तो मी वाचलेला होता, एकशे बाराव्या पानापर्यंत. मुलं देवाधर्माचं काहीबाही विचारतात तेव्हा शिक्षकाने काय करावं, असा विषय. एकशे बाराव्या पानावर एक मूल भर वर्गात विचारतं, मेलेला माणूस कुठे जातो? मास्तर खडू खाली ठेवतात. आणि तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं होतं. तेव्हा फारसं वाटलं नाही. गेली तीन वर्षं मात्र ते मास्तर माझ्या डोळ्यांसमोर तसेच उभे आहेत.

पान उलटणार तोच विभागप्रमुख बाईंनी भेटीला बोलावल्याचा निरोप आला. हाच अभ्यासक्रम का, असं त्यांनी विचारलं. मी चार भारदस्त वाक्यं पाठ करून गेले होते, ती ऐन वेळी पळाली. एकशे बारावं पान तेवढं सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तो प्रबंध माझाच आहे. मी विचारलं, मग पुढे काय ते तरी सांगा! तर हसून म्हणाल्या, "आधी प्रवेश तर घ्या."

बाकी क्षेम. डोळ्यांना जपा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. अर्जाला शिफारसपत्र लागतं, आणि ते शिकवलेल्या शिक्षकाचंच हवं. मला कोण शिकवणार होतं? पण लग्नानंतरचं माझं पहिलं पत्र तुम्ही मुख्याध्यापिकेच्या लाल शाईने तपासून परत पाठवलं होतंत, दहापैकी चार गुण. पुढची एकतीस वर्षं तेच. ह्यांनी ती सगळी पत्रं शिवून ठेवली आहेत; शेवटच्याला साडेसहा आहेत. तो ग्रंथ मी पुरावा म्हणून नेते, शिफारस तुम्ही लिहा. हेही पत्र तपासून पाठवा.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून काय लपवायचं, परतताना ग्रंथालयात शिरून उभ्याउभ्या एकशे तेरावं पान वाचलंच. मास्तर त्या मुलाला म्हणतात, "तुला काय वाटतं?" वन्सं, तीन वर्षं ज्या पानाची वाट पाहिली, त्यावर माझाच प्रश्न मला परत! मला मुळीच पटलेलं नाही. बाईंशी निदान दोन वर्षं भांडावं लागेल. शिफारस शुक्रवारच्या आत पोचू द्या.