अंगठ्यावरची नीळ

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की दौंडच्या आपल्या शाळेत तुमचा दवाखाना कुठल्या खोलीत होता हे आता कुणी सांगू शकणार नाही. मला ती खोली आठवते. आज दुपारी एक गोष्ट झाली. ज्याला सांगावं असं जिवंत माणूस सापडेना, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

त्या आठवणीत मी नववीत आहे. तुम्ही खोबरेल तेलात कपड्यांची नीळ कालवून आम्हा मुलींच्या हातांना फासता आणि हात धुऊन यायला सांगता. मी सगळ्यांच्या आधी मिरवत परत येते. तुम्ही माझा अंगठा धरून वर्गासमोर उंच करता. त्याच्या बुडाशी, न चोळलेल्या जागी, निळं कडं आहे. "हात धुतलेस, की हातांना पाणी दाखवलंस?" वर्ग हसतो. शाळा सुटताना मात्र तुम्ही तुमचं छातीला टाचायचं घड्याळ माझ्या हातात ठेवलंत, हात धुताना मनगट मोकळं राहावं म्हणून. मी नर्स होणार हे तुम्ही माझ्याआधी ठरवलं होतं. निवृत्त होईपर्यंत ते घड्याळ माझ्या गणवेशावर होतं.

आता मी शिरूरला असते. इथल्या एका रुग्णालयाच्या समितीवर मला घेतलंय. निवृत्त बाई चहा पिऊन गप्प बसेल अशी त्यांची समजूत असावी. कारेगावात एका खोलीत राहणारे चार कामगार तापानं पडलेत, त्यांना धाप लागते आहे. उद्या त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड उघडायचाय, म्हणून आज रंगीत तालीम होती. रुग्ण म्हणून ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्ट्रेचरवर पडून मोबाइल बघत होता. फोटो निघाले. आत पाहते तर संरक्षक पोशाख घालायची आणि काढायची खोली एकच, बेसिनसमोर सलाइनची खोकी रचलेली. साफसफाईच्या मावशींना विचारलं, हात कुठे धुता. त्या म्हणाल्या, "साबन हाय की बाई. नळाला पानी कवा येतंय, तेवढं सायबांना इचारा." साहेब म्हणजे तरुण डॉक्टर. त्यांनी वॉर्ड सज्ज असल्याचा कागद पुढे केला. "मॅडम, फक्त एक सही. बाकीचं होऊन जाईल." मागच्या साथीतही सगळं होऊनच जाणार होतं.

मी मुद्दाम नेलेलं तेल आणि नीळ पिशवीतून काढली. दाखवायला आधी माझेच हात माखले, मग तिथल्या सगळ्यांचे. बादलीतून पाणी घालून घेऊन सगळ्यांनी हात धुतले. डॉक्टरांसकट एकेकाचा अंगठा निळा. तुमचं ते वाक्य मी त्यांना तुमच्याच सुरात ऐकवलं. मावशी हसून म्हणाल्या, "आन् तुमचं बगू की बाई."

मी खाली पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कडं होतं. तेच, तिथंच.

तेव्हापासून मी घाबरले आहे. मागच्या साथीत यवतजवळच्या एका मंगल कार्यालयात रुग्ण ठेवले होते, तिथे मी आपणहून कामाला जात होते. घरी आले की अंगणातल्या नळावर हात धुवायचे आणि यांना चहा करून द्यायचे. हे तर उंबऱ्याबाहेर पडत नव्हते. त्यांना ताप आला आणि नवव्या दिवशी गेले. आजार दूधवाल्यानं आणला असं मी ठरवलं, गल्लीत चारचौघांत त्याला तोंडावर सुनावलं. त्यानंतर त्यानं आमच्या दारात पाऊल टाकलेलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं, चहाचा कप माझ्याच हातातून जात होता.

सही मी केलेली नाही. नळाला पाणी आणि दुसरी खोली, त्याशिवाय करणार नाही असं सांगून आले. डॉक्टर चिडलेत, सकाळी कागद घेऊन घरी येणार आहेत. आल्यापासून सात वेळा हात धुतले. नीळ गेली आहे, तरी दर वेळी अंगठा उजेडात धरून पाहते. हा कागद घड्याळाच्या डबीत घडी करून ठेवीन, दुसरीकडे कुठे धाडणार. एवढंच कबूल करायचं होतं, सिस्टर. मावशींनी विचारलं तेव्हा मी अंगठा पदराखाली घेतला आणि म्हणाले, माझा स्वच्छ आहे.